फ्रेड वॅगहॉर्नच्या गावात: एका कबड्डी पंचाचा कॅनडा प्रवास

शुक्रवार, मिसिसागा

फेब्रुवारीत कॅनडाला कोण जातं, असं सांगलीत भेटेल तो विचारत होता. ताईसुद्धा फोनवर म्हणाली, "जूनमध्ये ये की, नायगारा दाखवते." पण मला नायगारा बघायचा नव्हता. मला एका पंचाच्या गावी जायचं होतं, आणि त्याचा खेळ बर्फावरचा. बर्फ असतानाच जायला हवं होतं.

त्या पंचाचं नाव फ्रेड वॅगहॉर्न. जन्म १८६६ सालचा, इंग्लंडातल्या टनब्रिज वेल्सचा. आयुष्य कॅनडात गेलं, १९५६ साली वारला. पन्नासेक वर्षं तो आइस हॉकी आणि लॅक्रोस (काठीच्या टोकाच्या जाळीने चेंडू झेलायचा, फेकायचा खेळ) या दोन खेळांत पंच म्हणून उभा राहिला. हॉकीचे दोन हजारांवर सामने त्याने चालवले, लॅक्रोसचे दीड हजारांच्या घरात. एका माणसाच्या हयातीत एवढे सामने कसे मावले असतील, याचा हिशेब मी विमानातही करत होतो. तेव्हा कुणी विमानाने जात नव्हतं. ओंटारिओच्या हिवाळ्यात आगगाडीने नाहीतर घोड्यांच्या स्लेजने गावोगाव जायचं, आणि परत यायचं.

मी कबड्डीचा पंच. तालुक्याचं मैदान, गणपती मंडळाच्या स्पर्धा, शाळांचे सामने, बोलावतील तिथे जातो. शिट्टी गळ्यात अडकवून अर्धं आयुष्य गेलं. पंचांच्या एका शिबिरात तिच्याविषयी बोलायचं होतं, म्हणून ती खेळांत आली कुठून हे वाचायला लागलो. बर्फावरच्या हॉकीत शिट्टी आणल्याचं श्रेय ज्याला देतात, तो हा वॅगहॉर्न. मग त्याच्याविषयी सापडेल ते वाचलं आणि माणूस डोक्यातून जाईना.

टोरांटोचं पिअर्सन विमानतळ शेजारच्या मिसिसागातच आहे, ताईचं घर तिथून जवळ. दाजी आणि भाचा न्यायला आले होते. भाचा पंधरा वर्षांचा. गेल्या मोसमापासून तो लहान मुलांच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. ताईला त्याची काळजी वाटते, मला अभिमान. गाडीत बसल्या बसल्या त्याने विचारलं, "मामा, तू खरंच एका रेफ्रीसाठी आलास?" मी हो म्हणालो. त्याने वॅगहॉर्नचं नाव ऐकलेलं नव्हतं. तिथे आणखी कितीतरी जणांना मी विचारलं, आणि कुणीच ऐकलेलं नव्हतं.

शनिवार, रिंकवर

भाच्याचा सामना सकाळी सातला. बाहेर उणे बारा. अंधारातच निघालो, रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाड्या चालल्या होत्या. रिंकची, म्हणजे बर्फाच्या मैदानाची, इमारत बाहेरून गोदामासारखी, आत शिरलं की रबराचा, ओल्या मोज्यांचा आणि कॉफीचा वास. पोरं आठ-नऊ वर्षांची. अंगावर इतकं चिलखत की आईबापांनाही आपलं पोर पाठीवरच्या नंबरावरून ओळखावं लागतं.

पंचांची खोली म्हणजे एक बाकडं आणि भिंतीला चार खुंट्या. भाच्याने काळी पँट चढवली, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा, दंडावर केशरी पट्टी, डोक्याला शिरस्त्राण आणि डोळ्यांपुढे पारदर्शक झडप. शेवटी शिट्टी. हॉकीच्या पंचाची शिट्टी गळ्यात नसते. ती धातूच्या कड्यांनी दोन बोटांवर बसवलेली असते. पडलं, आपटलं तरी गळ्याला दोरीचा फास नको, आणि हात उचलला की शिट्टी थेट तोंडाशी. मी ती हातात घेऊन पाहिली. फॉक्स फोर्टी! आमच्याकडेही बरेच पंच हीच वापरतात. ही बनवणारा रॉन फॉक्सक्रॉफ्ट इथूनच तासाभरावरच्या हॅमिल्टनचा, स्वतः बास्केटबॉलचा पंच. सामना चालू असताना त्याच्या शिट्टीतला मणी अडकला आणि शिट्टी वाजलीच नाही. तेव्हा त्याने मणीच नसलेली शिट्टी बनवायचं मनावर घेतलं, आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी ती बाजारात आली. ऐन वेळी गळा बसल्यासारखी शिट्टी मुकी होणं काय असतं, हे ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

सामना सुरू होण्याआधी भाचा एकटा बर्फावर उतरला, दोन्ही जाळ्या हलवून पाहिल्या, रिंकला एक फेरी मारली. मग मध्यावरच्या ठिपक्याशी येऊन उभा राहिला. दोन बाजूंचे मधले गडी, म्हणजे सेंटर, समोरासमोर वाकले, स्टिका बर्फाला टेकल्या. भाच्याने पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती, हातात आडवा धरला, दोघांकडे पाहिलं आणि सोडला. पक सपाट पडला, उसळला नाही. स्टिका खडखडल्या तोवर भाचा मागे सरकला होता.

याला फेसऑफ म्हणतात, आणि हेच पाहायला मी इतक्या लांब आलो होतो. कारण पूर्वी पंच पक सोडत नसे. तो वाकून पक दोन स्टिकांच्या मधोमध बर्फावर ठेवायचा, स्टिका नीट लावून घ्यायचा आणि मग खेळा म्हणायचा. म्हणजे दोन दांडगे गडी ज्या वस्तूवर तुटून पडायला टपलेत, तिच्याशेजारी पंचाची बोटं आणि नडग्या. शब्द तोंडातून निघण्याआधीच स्टिका फिरायच्या. शिवाय एकाला वाटायचं, आपल्याकडे पक जरा कमी सरकवला. त्यावरून भांडण, पुन्हा मांडणी, पुन्हा बोटांवर फटका. वॅगहॉर्नने दोघांना सांगितलं, स्टिका एकमेकींपासून दूर ठेवा. स्वतः सरळ उभा राहिला आणि वरून पक सोडून दिला. जो आधी हलेल त्याचा. नियमपुस्तकात हे पुढे आलं, आधी तो ते करून मोकळा झाला होता. आज साऱ्या जगात, ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यापासून या आठ वर्षांच्या पोरांपर्यंत, आइस हॉकीचा प्रत्येक डाव असाच सुरू होतो.

लॅक्रोसमध्येही तो पंच होता, आणि पुरुषांच्या मैदानी लॅक्रोसमध्ये अजूनही चेंडू जमिनीवर ठेवूनच डाव सुरू करतात. म्हणजे एका खेळात पिढीजात चाललेली पद्धत माहीत असताना दुसऱ्यात ती मोडायचं धाडस त्याने केलं. हे मला फार मोठं वाटतं.

दुसऱ्या डावात एका पोराने दुसऱ्याला मागून ढकललं. भाच्याचा हात वर गेला, शिट्टी वाजली, दोन मिनिटांची शिक्षा. काचेमागून एक बाप ओरडायला लागला. मी शेजारीच उभा होतो. शब्द मला सगळे कळले नाहीत, सूर कळला, तो मी सांगलीतही ऐकतो. भाचा त्याच्याकडे न पाहता गुणलेखकांच्या टेबलाकडे गेला, पोराचा नंबर सांगितला, हाताने खूण करून कारण दाखवलं आणि पुन्हा ठिपक्याशी येऊन उभा राहिला. इथल्या पोरा पंचांतले कित्येक जण एक-दोन मोसमांत शिट्टी ठेवून देतात ते याच ओरड्यामुळे. आठ वर्षांच्या मुलांचा खेळ, पंधरा वर्षांचा पंच, आणि शिव्या देणारा चाळिशीचा. गाडीत बसल्यावर मी भाच्याला विचारलं, वाईट वाटलं का. तो म्हणाला, "पहिल्यांदा वाटायचं. आता मी फक्त पुढचा फेसऑफ कुठे आहे ते आठवतो."

रविवार, हॉल ऑफ फेम

टोरांटोच्या यंग आणि फ्रंट रस्त्यांच्या कोपऱ्यावर १८८५ साली बांधलेली बँक ऑफ मॉन्ट्रियलची जुनी इमारत आहे. दगडी, नक्षीदार, भोवतालच्या काचेच्या मनोऱ्यांत एकटीच म्हातारी. हॉकीचं हॉल ऑफ फेम, म्हणजे खेळाच्या मानकऱ्यांचं संग्रहालय, १९९३पासून इथे आहे. आत शिरायचा रस्ता शेजारच्या इमारतीच्या तळघरातून. खाली पोरांची झुंबड, मुखवटे, जर्सी, नकली गोलपोस्टवर नेम धरायचा खेळ. ते सगळं भाच्याने भराभर दाखवलं. मला वरचा मजला हवा होता.

वर बँकेचं जुनं दालन. छत म्हणजे रंगीत काचांचा प्रचंड घुमट, खाली नॅशनल हॉकी लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅन्ले कप. लॉर्ड स्टॅन्ले या गव्हर्नर जनरलने १८९२ साली दिलेला मूळचा वाडगा बाजूच्या जुन्या तिजोरीत वेगळा ठेवला आहे. कपाशेजारी फोटो काढून घ्यायला ही रांग. भिंतींवर मानकऱ्यांच्या काचेच्या पाट्या, प्रत्येकीवर चेहरा आणि चार ओळी. तिथे रांग नव्हती.

वॅगहॉर्न १९६१च्या मानकऱ्यांत आहे. हॉल ऑफ फेमला स्वतःची पहिली इमारत मिळाली ती त्याच वर्षी. तो जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. आणि गंमत नव्हे, मला खरोखर खटकलेली गोष्ट अशी की तो पंचांच्या यादीत नाही. त्या वर्षी पंच म्हणून तिघांना घेतलं: चॉसर एलियट, मिकी आयन आणि कूपर स्मीटन. वॅगहॉर्नला घेतलं ते खेळाची उभारणी करणाऱ्यांत, म्हणजे संघमालक, संघटक, अध्यक्ष यांच्या रांगेत. मी बराच वेळ तिथे उभा राहून वाद घालत होतो, स्वतःशीच. दोन हजार सामने शिट्टी वाजवणारा माणूस पंच नाही तर कोण? मग वाटलं, ज्यांनी निवड केली त्यांनाही काही दिसलं असेल. हा माणूस नियम राबवता राबवता खेळच घडवत गेला. तरीही माझं मत सांगतो, त्याचं नाव दोन्हीकडे हवं होतं.

पंचांच्या यादीत बिल चॅडविक भेटला, १९६४चा मानकरी. त्याचा उजवा डोळा तरुणपणीच गेला होता. एका डोळ्यावर त्याने नॅशनल हॉकी लीगमध्ये पंचगिरी केली. कुठली चूक झाली हे हातांच्या खुणांनी दाखवायची पद्धत त्याने रूढ केली असं मानतात. शनिवारी भाच्याने टेबलाशी जी खूण केली ती त्याची देणगी. आम्ही बोनसला अंगठा वर करतो, लोण झाला की दोन बोटं आडवी धरतो, तेव्हा मैदानाच्या टोकाला बसलेल्या माणसालाही निकाल कळतो. खूण नसती तर आम्ही घसा फोडून मेलो असतो.

संध्याकाळी ताईने थालीपीठ केलं होतं. दाजींनी विचारलं, "सापडला का तुमचा माणूस?" मी म्हटलं, काचेवर सापडला, उद्या रस्त्यावर शोधतो.

सोमवार, म्युच्युअल स्ट्रीट आणि कार्लटन स्ट्रीट

वॅगहॉर्नच्या काळच्या रिंका बहुतेक नैसर्गिक बर्फाच्या. थंडी पडली तर सामना, उन्हं तापली तर पाणी. १९१२ साली म्युच्युअल स्ट्रीटवर मोठी रिंक उभी राहिली आणि टोरांटोला नळ्यांनी गोठवलेला बर्फ मिळाला. ८ फेब्रुवारी १९२३ रोजी तिथूनच नॉर्मन अल्बर्ट नावाच्या माणसाने रेडिओवर हॉकीचं वर्णन केलं. १९८९ साली ती पाडली. आता तिथे राहती घरं आहेत. मी रस्त्याच्या दोन्ही टोकांपर्यंत चालत गेलो आणि परत आलो, बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

तिथून थोडं उत्तरेला कार्लटन स्ट्रीटवर मेपल लीफ गार्डन्स. १९३१ साली उघडलेली, पिवळसर विटांची, चार रस्त्यांवरून दिसेल अशी. टोरांटोच्या संघाचं हे जवळपास सत्तर वर्षांचं घर. आता तळमजल्यावर किराणा मालाचं भलंमोठं दुकान आहे, आणि वरच्या मजल्यावर विद्यापीठाची रिंक. दुकानात फडताळांच्या मधल्या वाटेवर फरशीवर एक लाल ठिपका रंगवलाय. जुन्या रिंकचा मध्य तो. म्हणजे इथे पंच उभा राहायचा आणि पक सोडायचा. मी ठिपक्याच्या कडेला उभा राहिलो. ढकलगाडी घेऊन आलेल्या एका आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, हसले, आणि मला फोटो काढून हवा का विचारलं. मी मोबाइल दिला. ते म्हणाले, लहानपणी वडिलांबरोबर इथे सामने पाहिलेत, अगदी वरच्या रांगेतून. मी वॅगहॉर्नबद्दल विचारलं. त्यांनी मान हलवली. पण घंटेची गोष्ट सांगायला लागलो तेव्हा ते गाडी बाजूला लावून ऐकत राहिले.

गोष्ट अशी. पूर्वी खेळ थांबवायला पंच घंटा वाजवायचा, गाईच्या गळ्यात बांधतात तशी. उघड्या रिंकच्या थंडीत धातूची शिट्टी ओठाला चिकटते, म्हणून घंटा बरी. पण ओंटारिओची गावं म्हणजे शेतकऱ्यांची गावं, घंटा घरोघर. प्रेक्षक आपापली घंटा सदऱ्याखाली घेऊन यायचे आणि पाहुण्या संघाचा गडी पक घेऊन गोलाकडे निघाला की खणखणायचे. गडी थांबायचा, यजमानांचा गडी पक घेऊन पळायचा. यावर वॅगहॉर्नने काय करावं? प्रेक्षकांच्या झडत्या घेतल्या नाहीत, की दंड लावला नाही. घंटाच सोडली आणि शिट्टी उचलली. आजोबा खूष झाले. म्हणाले, आमच्या आजोबांच्या गावचे लोक हे नक्की करत असणार.

मंगळवार, बीचेस

क्वीन स्ट्रीटवरून पूर्वेकडे जाणारी ५०१ नंबरची ट्राम धरली. शहराचा मध्य, मग डॉन नदी, मग हळूहळू उंच इमारती संपतात आणि ओसरीची जुनी घरं सुरू होतात. हा भाग बीचेस. उजव्या हाताला ओंटारिओ सरोवर, काठाला लाकडी फळ्यांची पायवाट. वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावर गोठतं.

१९११ साली या वस्तीतल्या पाच संघांना घेऊन बीचेस हॉकी लीग निघाली. ती काढणाऱ्यांत वॅगहॉर्न होता, तेव्हा पंचेचाळिशीचा. बरोबर फ्रँक स्मिथ, विशीही न गाठलेला पोरगा, ज्याने पुढे कित्येक दशकं त्या लीगचं चिटणीसपद सांभाळलं आणि १९६२ साली तोही हॉल ऑफ फेममध्ये गेला. हेतू साधा: पोरांना खेळायला संघ हवेत, ठरलेले सामने हवेत, आणि निकाल देणारा माणूस हवा. तीच पुढे टोरांटो हॉकी लीग झाली, मग मेट्रो टोरांटो, आणि आज ग्रेटर टोरांटो हॉकी लीग. लहान मुलांच्या हॉकीची ही जगातली सर्वांत मोठी संघटना. शनिवारी मिसिसागात माझा भाचा ज्या सामन्यात उभा होता तो याच लीगचा!

आपल्याकडे बुवा साळवींचं नाव घेताना जसा हात कानाला जातो तसा माझा इथे गेला. बुवांनीही गावोगावच्या हुतूतूला एका नियमात आणण्यासाठी आयुष्य घातलं. त्यांच्या जन्मदिवशी, १५ जुलैला, आपण कबड्डी दिन साजरा करतो. वॅगहॉर्नचा असा दिवस नाही. असायला हवा असं मला मनापासून वाटतं, निदान या वस्तीत तरी.

क्यू गार्डन्स नावाच्या बागेत उघडी रिंक आहे. दुपारी तिथे मिळेल त्या माणसांचा खेळ चालला होता: दोन शाळकरी मुली, एक टपाल खात्याच्या कपड्यांतला माणूस, कुणाचे तरी बाबा. पंच नाही, गुण नाहीत. बाकावर एक सत्तरी गाठलेले गृहस्थ स्केटच्या नाड्या सोडत बसले होते. बोलणं निघालं तर तेही पंच! हौशी संघांचे, कारखान्यांच्या, चर्चच्या लीगांचे सामने त्यांनी तीस-पस्तीस हिवाळे चालवलेले. गुडघ्यांनी जबाब दिल्यावर सोडलं. मी कबड्डीचं सांगितलं, हातवारे करून चढाई दाखवली. त्यांनी विचारलं, गडी बाद झाला की नाही हे तू पाहतोस कुठे, हातांकडे की पायांकडे? अगदी पंचाचा प्रश्न. मी म्हटलं, रेषेकडे आणि पायांकडे, हात आवाजावरून कळतो. ते म्हणाले, आमचंही तसंच, पक स्टिकेला लागला की काठाला, हे कानाला आधी कळतं.

मग त्यांनी सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. रात्री अकराचा सामना असायचा, कारण मोठ्या माणसांच्या हौशी संघांना रिंक मिळायची ती त्याच वेळी. दिवसभर नोकरी, मग सामना, मग बर्फातून गाडी हाकत घर. बायको झोपलेली, जेवण झाकून ठेवलेलं. सकाळी पुन्हा नोकरी. ज्या संघाला दंड केला त्याच संघाचा कप्तान दुसऱ्या दिवशी बँकेत खिडकीपलीकडे बसलेला. "तो मला पैसे मोजून द्यायचा आणि काही बोलायचा नाही," ते म्हणाले. "एकदाच म्हणाला, कालचा ऑफसाइड बरोबर होता." ते वाक्य त्यांना अजून पाठ होतं. त्यांनाही वॅगहॉर्न माहीत नव्हता. मी सांगत गेलो आणि ते नाड्या हातात धरून ऐकत राहिले. पक ठेवायची जुनी पद्धत ऐकल्यावर त्यांनी डाव्या हाताची वाकडी करंगळी दाखवली. सोडूनसुद्धा हे होतं, म्हणाले, ठेवायला लावलं असतं तर पाचही गेली असती.

बुधवार, गुरुवार, ओटावा

बुधवारचा दिवस बराचसा आगगाडीत गेला. बाहेर पांढरी शेतं, कुंपणं, मधूनच गोठलेलं तळं आणि त्यावर खेळणारी पोरं.

गुरुवारी सकाळी बीचवुड दफनभूमीत गेलो. इथे जेम्स क्रायटन आहे. ३ मार्च १८७५ रोजी मॉन्ट्रियलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये छताखालचा पहिला ठरवून केलेला सामना झाला, तो घडवून आणणारा हा माणूस, पुढे सिनेटचा कायदा अधिकारी. प्रेक्षकांनी घाबरू नये, चेंडूऐवजी लाकडाची चपटी गोल चकती वापरणार आहोत, असं तेव्हा वर्तमानपत्रात छापून आलं होतं. सामना संपता संपता मारामारी झाली ती झालीच. दोन वर्षांनी, १८७७ साली, मॉन्ट्रियलच्या वर्तमानपत्रात नियम छापले. त्यातला शेवटचा नियम मला पाठ आहे: वाद झाला तर पंच निकाल देतील, पंचांचं जमलं नाही तर सरपंच, म्हणजे मुख्य पंच, देईल. मोजके नियम, आणि त्यांत पंचाची जागा तेव्हापासून आहे. गोलपंच तर जाळी यायच्या आधी थेट बर्फावर गोलाच्या मागे उभा राहायचा. अंगावर ओव्हरकोट, समोरून येणारा पक, आणि आडोसा काही नाही.

दुपारी रिडो कालव्यावर. सगळा गोठला की शहराच्या मधून ७.८ किलोमीटरची बर्फाची वाट होते, माणसं पाठीला दप्तर लावून कामाला स्केटवर जातात. मी बुटांनी कडेकडेने थोडं चाललो.

शुक्रवार, पुन्हा मिसिसागा

दुसऱ्या दिवशीचं विमान. संध्याकाळी भाचा मला तळघरात घेऊन गेला. तिथे गालिच्यावर त्याने खडूने ठिपका काढलाय आणि रोज पक सोडायचा सराव करतो. हात कुठल्या उंचीवर, पालथा की उताणा, सोडताना मनगट हलता कामा नये. मलाही सोडायला लावलं. पक हातात जड लागतो: तीन इंच व्यासाचा, एक इंच जाड, दीडशे ग्रॅमच्या वर वजन, घट्ट रबराचा एकसंध तुकडा. सामन्याआधी तो गोठवून ठेवतात, म्हणजे उसळत नाही.

एकसंध हे महत्त्वाचं. मग त्याला शेवटची गोष्ट सांगितली, मी मुद्दाम राखून ठेवलेली. वॅगहॉर्नच्या तरुणपणी पक दोन चकत्या चिकटवून केलेले असायचे. एका सामन्यात कुणीतरी जोरात फटका मारला, पक गोलाच्या खांबाला लागला आणि दुभंगला. अर्धा भाग बाहेर, अर्धा गोलात. मारणारा संघ नाचायला लागला. दुसरा संघ पंचाभोवती जमला. असं काही होईल हे नियम लिहिणाऱ्या कुणाच्या स्वप्नात नव्हतं.

"तू काय दिलं असतंस?" मी विचारलं.

भाच्याने बराच विचार केला. "गोल. तो आत गेला ना."

"अर्धा गेला."

"मग अर्धा गोल?" तो हसला, मग गंभीर झाला. "नाही. थांब. पुन्हा फेसऑफ?"

वॅगहॉर्नने गोल नाकारला. त्याचं म्हणणं: नियमात पकाचं माप दिलेलं आहे. इतका रुंद, इतका जाड. जे आत गेलं ते त्या मापाचं नाही, म्हणजे तो पक नाही. पक आत गेलेला नाही, म्हणजे गोल नाही. पुढे पक एकाच तुकड्याचे व्हायला लागले त्यामागे हा निकाल होता असं सांगतात.

भाचा पकाकडे पाहत बसला. म्हणाला, "पण मामा, लोक भडकले असतील."

भडकले असणारच. आणि सामना संपल्यावर त्या लोकांतूनच वाट काढत त्याला आगगाडी गाठायची होती. दाजी जिन्यावर उभे राहून ऐकत होते. ते हिशेबनीस. त्यांना निकाल ताबडतोब पटला. ताईला मुळीच पटला नाही. ती म्हणाली, बिचाऱ्याने एवढा जोरात मारला, त्याचं काय? जेवताना यावर इतका वाद झाला की आमटी दोनदा गरम करावी लागली, आणि भाचा झोपायला गेला तेव्हाही त्याचं मत पक्कं झालेलं नव्हतं.

एप्रिलमध्ये आमच्या जिल्ह्यातल्या नव्या पंचांचं शिबिर आहे. नियम शिकवायच्या आधी मी त्यांना ही हकीकत इथपर्यंतच सांगणार आहे, पक फुटला आणि अर्धा आत गेला एवढीच. मग प्रत्येकाच्या हातात कागद देऊन निकाल लिहून घेणार आहे, कारणासकट.